नागपूरची अर्धी प्रदक्षिणा

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या मुलींना नाही, ज्यांच्या शेजारी बसून दोन वर्षं विमान उडवलं त्या कॅप्टन लिमयांनाही नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला कागदावरच खरं बोलता येतं, असं लिहिणार होते. पण तेही खोटंच. माझं सगळ्यात मोठं खोटं कागदावरच आहे, माझ्या सहीनिशी.

आधी थोडं विमानाबद्दल बोलू द्या. मी विषय टाळते आहे, कळतंय मला. तरीही.

आम्ही विश्रांतवाडीत वाढलो. बाबा नोकरीसाठी नागपूरकडून पुण्याला आले आणि त्यांना भाड्याचं घर मिळालं ते नेमकं उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली. विमान आलं की टीव्हीचा आवाज ऐकू येईनासा होई. शेजारच्या काकू विमानाला रोज नेमानं शिव्या घालायच्या. मी गच्चीवर पळायचे. बाबा खालून ओरडायचे, "पाय बाई, तुई गाडी आली!" पुण्यात वीस वर्षं काढूनही त्यांची बोली तसूभर हलली नव्हती. माझ्या पहिल्या नागपूर फेरीला ते प्रवासी म्हणून बसले होते. उतरताना हवाई सुंदरीला म्हणाले, "ड्रायव्हर माही पोरगी हाय." मी आतून ऐकलं. लिमये सर म्हणाले, "चला, दोघांचीही बढती झाली. मीही ड्रायव्हर."

सत्तर माणसांचं, पंख्यांचं विमान होतं आमचं. मोठ्या विमानांवरचे लोक त्याला रिक्षा म्हणायचे. म्हणोत. सकाळी पुण्याहून निघालं की वळताना खाली खडकवासल्याचं पाणी दिसायचं, मागे सिंहगड, आणि ढग असले की त्यांच्यावर आमची सावली — तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं गोल कडं. ते कडं असं खाली ढगावर, उंचावरूनच दिसतं. ते दोन जणांनाच नीट दिसावं, आणि त्यातली एक मी असावं — हे मला काही महिने खरंच वाटत नव्हतं. पूर्वेला जाताना ऊन थेट डोळ्यांत यायचं. मग काचेला वर्तमानपत्र खोचायचं, सगळेच वैमानिक खोचतात. एकदा पेपर नव्हता म्हणून सरांनी माझ्या पिशवीतली चार पत्रकं काढून काचेला लावली. "मॅडम, तुमच्या चळवळीचा हा पहिला ठोस उपयोग."

वैतागही होताच. महिन्याचं वेळापत्रक आमचं नव्हतंच. रात्री बदलायचं, पहाटे पुन्हा बदलायचं. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे त्यांची लढाऊ विमानं आधी आणि आम्ही सत्तर घामाघूम माणसं घेऊन रांगेत. वर कंपनीची पत्रं यायची: "आपण सारे एक कुटुंब." कुटुंबात कुणी कुणाला विश्रांतीचे तास मोजून देतं का? मी भडकायचे. आमच्या संघटनेतर्फे पत्रक काढायचे. वैमानिकांच्या विश्रांतीवर एक, हवाई सुंदऱ्यांच्या वजनकाट्यावर एक. मला वाटायचं, मी या धंद्यातली सगळ्यात निर्भय मुलगी आहे.

आणि वाघमारे काका होते. धानोरीचे. सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायचे, ठेकेदाराकडे, सोळा वर्षं. मी उतरून आले की ठरलेलं: "काय कॅप्टन ताई, आज लई गुळगुळीत टेकवलं, माझी झोपच मोडली न्हाई." किंवा, "आज काय खड्डा दिसला व्हय धावपट्टीवर?" विमानाच्या अंगाला ट्रॅक्टर लावताना ते श्वास रोखायचे. मी पाहिलंय. विमान आणि गाडीच्या मध्ये हातभर जागा ठेवायची, कमी नाही, जास्त नाही, आणि मग उतरून त्या जागेत स्वतःचा हात घालून बघायचा. सोळा वर्षं, प्रत्येक खेपेला हात.

आता सांगते.

प्रत्येक उड्डाणाआधी आमच्यापैकी एकानं विमानाभोवती पायी फिरून बघायचं असतं. नाकापासून निघायचं, पंख, चाकं, शेपूट, आणि दुसऱ्या बाजूनं परत नाकाशी. कुठे गळतंय का, कुठे काही लागलंय का. आम्ही त्याला प्रदक्षिणा म्हणायचो. सहा-सात मिनिटांचं काम. ते बहुतेक माझ्याकडे असायचं आणि मला ते आवडायचं. विमानाला हात लावायला मिळतो तो तेव्हाच.

तो मे महिना होता. नागपूर. दुपारची वेळ, जमीन बुटातून भाजत होती. मी डाव्या बाजूनं निघाले, पंखाखाली आले आणि फोन वाजला. प्रेसवाला. "ताई, प्रूफ बघा लगेच, मशिनीवर चढवायचंय." फोन तिथे वापरायचा नसतो, हे मला माहीत होतं. तरी पंखाच्या सावलीत उभी राहिले आणि प्रूफ वाचायला लागले. पत्रक कशावर होतं माहीत आहे? विमानतळावर उन्हात राबणाऱ्या कामगारांना सावली मिळाली पाहिजे, यावर. 'सावली ही सवलत नव्हे, हक्क आहे' — या ओळीत 'सवलत'च्या जागी 'सवत' छापलं होतं. ते दुरुस्त करायला लावलं. आणखी दोन चुका निघाल्या. तेवढ्यात सरांनी वरच्या खिडकीतून अंगठा उंचावून विचारलं — झालं?

मी अंगठा दाखवला.

उजव्या बाजूला मी गेलेच नाही. शेपटापर्यंतही नाही. आत येऊन बसले, "सगळं ठीक, सर," म्हणाले, आणि आम्ही उडालो. मागे अडुसष्ट माणसं होती.

पुण्याला उतरलो. काकांचा ट्रॅक्टर उजवीकडे सामानाच्या दरवाजाशी लागला, सामान उतरलं, ट्रॅक्टर गेला. मग तंत्रज्ञ फिरता फिरता तिथे थांबला. दरवाजाच्या खाली पोचा होता. तळहाताएवढा, पण खोल. अशा पोच्यासह विमान उडवायचं नसतं. विमान जागेवर थांबवलं गेलं, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न — हा कुठे पडला?

नागपूरच्या माणसांनी हात वर केले. काकांनी सांगितलं, "लागला न्हाई साहेब, मी हात घालून बघितलंय." मग मला लेखी विचारलं, नागपूरहून निघताना पोचा होता का? मी लिहिलं: 'निघण्यापूर्वी विमानाची सर्व बाजूंनी पाहणी केली. कोणतेही नुकसान आढळले नाही.' खाली सही.

दोन वाक्यं. मी पत्रकं लिहिणारी. कमी शब्दांत पक्कं कसं लिहायचं, ते मला येत होतं.

खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? माझं उडणं थांबलं असतं. काही महिने, कदाचित कायमचं. त्या क्षणी मला फक्त ते ढगावरचं कडं आठवलं — मला ते पुन्हा बघायचं होतं. एवढंच. काका माझ्या डोक्यात आलेच नाहीत, असंही म्हणता येत नाही. आले होते. मी लिहीत होते तेव्हा ते काचेपलीकडे उभे होते, हातात टोपी घेऊन.

निघताना विमान धड होतं असं मी म्हटलं, म्हणजे पोचा पुण्यातच पडला. चार दिवसांत काकांचा विमानतळावर शिरायचा पास काढून घेतला. ठेक्यावरचा माणूस, चौकशी कसली?

इथपर्यंतचं तुम्ही भित्रेपणा म्हणून सोडून द्याल कदाचित. पुढचं ऐका.

मी त्यांच्यावर पत्रक काढलं. 'सोळा वर्षांची सेवा, चार दिवसांत रस्त्यावर.' चौकशीविना काढून टाकण्याविरुद्ध. जळजळीत झालं होतं, लोकांनी हातोहात नेलं. सभेत मी वीस मिनिटं बोलले, माझा आवाज भरून आला. खोटं रडले का? नाही. तेच तर सांगते आहे — मी खरी चिडले होते. कंपनीवर, ठेकेदारावर, व्यवस्थेवर. त्या वीस मिनिटांत माझी सही मला एकदाही आठवली नाही. सभा संपल्यावर काका बायकोला घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या विमानतळावर तुम्ही एकट्याच माझ्या बाजूनं बोललात ताई." काकूंनी माझे दोन्ही हात धरले. पास परत मिळाला नाही.

मी आणखी वर्षभर उडाले. ते कडं बघितलं, पुष्कळदा बघितलं. मग कंपनीनं भाड्यानं घेतलेली ती विमानं परत केली, आम्हाला घरी पाठवलं. आता मी वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना हवामान शिकवते आणि पत्रकं लिहिते. विमान डोक्यावरून गेलं की अजूनही वाक्य अर्धं सोडून वर बघते.

गेल्या महिन्यात हमालांच्या एका कामासाठी मार्केट यार्डला गेले होते. कांद्याच्या गाळ्यापाशी कुणीतरी हाक मारली, "कॅप्टन ताई!" वाघमारे काका. टेम्पो चालवतात आता, भाजीचा. केस पार पांढरे. त्यांनी बाकीच्या ड्रायव्हरांना गोळा केलं. "ह्या आपल्या ताई. विमान चालवायच्या. माझ्यासाठी भांडल्या व्हत्या." चहा मागवला. मला पोत्यावर बसवलं, आधी पोतं झटकून.

मग बाकीचे पांगल्यावर हळूच म्हणाले, "ताई, एक सांगू का? तवा मी लई तावातावानं बोललो, लागला न्हाई म्हणून. पण नंतर इचार केला. तुम्ही नागपूरला सोता बघितलं व्हतं ना चारी बाजूनं? मग माझाच लागला असणार. हात घातला व्हता, असं मला आठवतंय — पण माणसाच्या आठवणीचं काय खरं हाय? घरात बी आता तसंच सांगतो. चुकलं व्हतं माझं."

मी चहाचा घोट घेतला.

पोचा कुठे पडला, मला आजही माहीत नाही. नागपूरला पडला असेल, पुण्यात पडला असेल. मी पाहिलं नव्हतं, एवढंच मला माहीत आहे, आणि एवढंच मी त्या पोत्यावर बसून सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. समोर तेच होते, तिसरं कुणी नव्हतं, आता माझी कसली नोकरी जाणार होती?

मी चहा संपवला. काका म्हणाले, "आणखी एक घ्या ताई, उन्हाचं आलात." त्यांनी दुसरा मागवला. तोही मी प्यायले.