झोडणीच्या गाण्यातला भाऊ

पुण्याहून निघालेल्या गाडीत माझा डोळा लागला आणि मळवली मागे पडलं. लोणावळ्याला उतरून उलट्या गाडीनं परत आले. रुळांपलीकडे कापणी झालेली खाचरं (भातशेतं) आणि मागे लोहगड, स्वच्छ उन्हात.

साताऱ्याजवळच्या शाळेत मी वीस वर्षं एक गाणं शिकवते आहे. एकाहत्तरच्या युद्धात सीमेवर गेलेल्या भावासाठी बहिणीनं म्हटलेलं. वहीत त्याखाली ‘पारंपरिक’ असं लिहिलंय. भावाचं पुढे काय झालं, ते गाण्यात नाही. मुलांना मी तो शहीद झाला असंच सांगत आले. मग मूळच्या मावळातल्या एका पालकांनी सांगितलं, “हे आमच्या जैनबीमावशींचं. त्या आहेत अजून.”

फार्महाउसांच्या रांगेमागं त्यांचं घर सापडलं. मावशी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी गाणं म्हटलं. सूप मांडीवर ठेवून त्यांनी ते पूर्ण ऐकलं.

“भात झोडताना जुळवलं व्हतं,” त्या म्हणाल्या. झोडणी म्हणजे पेंढ्या आपटून दाणे काढणं. “संगतीच्या बाया म्हायेरी गेल्या, गानं बी गेलं त्यांच्यासंगं.”

“आणि तुमचा भाऊ?” मी हळूच विचारलं.

“उस्मान? आत जेवतोय.”

उस्मानआबा हात पुसत बाहेर आले. मी सगळं कबूल केलं. ते हसले. “वीस वर्सं मारून ठेवलंत व्हय मला?”

“ह्यो आला तवर झोडणी सरलेली,” मावशी म्हणाल्या. “शेवटची ओवी केली, पन संगं म्हनायला बाया कुटं व्हत्या?” त्यांना पहिलीच ओळ आठवली:

बंदूक ठेविली, विळा घेतला हाती गं

दुसरी आबांनी सांगितली:

भाऊ पुसे आधी, कशी हाय शेती गं

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “तुज्या ध्यानात हाय?”

“माजंच हाय की गानं,” आबा म्हणाले.

तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी खाऊ घालूनच मला निघू दिलं. परतीच्या गाडीत मी ‘पारंपरिक’ खोडून मावशींचं नाव लिहिलं.

सोमवारी वर्गात मुलांना खरं काय ते सांगितलं, नवी ओवी शिकवली आणि मावशींना फोन लावला. मुलं नेहमीसारखी कवायतीच्या ठेक्यात, जोरात गायली.

“ग्वाड म्हनत्यात,” मावशी म्हणाल्या. “पन लय घाई करत्यात. पेंढी उचलताना दम लागतो, तितं थांबा म्हनावं.”

आम्ही पुन्हा सुरुवात केली, थांबत थांबत. दुसऱ्या ओवीपासून मावशीही म्हणू लागल्या.