उलट्या ब्रशच्या गावावरून रोह्याला

सायकलनं रोह्याला जायचं हे शुभदानं ठरवलं. मी फक्त रस्ता आखला.

शुभदा ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तिच्या वर्गातला एक मुलगा अख्खं वर्ष बाकावर डोकं टेकून बसायचा, आणि त्याला कुठे न्यावं हे तिला कळलं नव्हतं. ते तिच्या मनाला लागून राहिलं. रोह्याला तिच्या ओळखीच्या एका निवृत्त प्राचार्यांनी आपल्या घराची पुढची खोली देऊ केली होती. दर शनिवारी रेल्वेनं येऊन तिथे तरुण मुलामुलींशी बोलायला एक समुपदेशक बाईही तयार होत्या. त्यांचा पहिल्या वर्षाचा खर्च उभा करायचा होता. तिसरा भिडू रूबेन, माझ्याच कारखान्यातला फिटर. तो कोकणातल्या ज्यू कुटुंबातला. त्याच्या आडनावात रोहा आहे, पण नातेवाईक बहुतेक इस्रायलला गेल्यामुळे तो आयुष्यात कधी रोह्याला गेलेला नव्हता. "आडनाव तपासून येतो," म्हणाला.

मी त्या कारखान्यात मापकं तपासते. दाब, तापमान, प्रवाह दाखवणारे काटे खरं बोलतात की नाही, हे पाहणं माझं काम. म्हणून नकाशा, अंतरं आणि वेळापत्रक माझ्याकडे आलं. एक गोष्ट मी दोघांना सांगितली नाही. माझं घर पेणला आहे, आणि त्या घरात माझा धाकटा भाऊ मिलिंद दिवाळीपासून खोलीबाहेर पडत नव्हता. वय एकोणीस. कॉलेज सुटलेलं. रस्ता आखताना मी तो पेण गावात न नेता रामवाडीवरून सरळ वडखळकडे काढला. दीड किलोमीटर वाचतो, असं कारण दिलं.

घरातला फोन मिलिंदच्या खोलीत होता, आणि मी त्याला रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायचे. झोप किती तास, पोळ्या किती, आणि दहापैकी आज किती बरं वाटतं. तो आकडे सांगायचा, मी वहीत आलेख काढायचे. गेले तीन आठवडे उत्तर "पाच" होतं. मला ते स्थिर वाटत होतं.

पहिला दिवस: ठाणे ते जोहे, साधारण पासष्ट किलोमीटर

फेब्रुवारी हा या रस्त्यासाठी चांगला महिना. पहाटे गारठा असतो आणि अकरापर्यंत ऊन सोसवतं. आम्ही साडेपाचला निघालो. तिघांच्या साध्या, गिअर नसलेल्या सायकली. रूबेनची निळी, सगळ्यांत जुनी. शुभदाच्या कॅरिअरवर कुलूप लावलेला पत्र्याचा डबा आणि 'तरुणांच्या मनासाठी सायकलफेरी' असं लिहिलेला कापडी फलक.

पनवेलला मिसळपाव आठ रुपये, आणि पोटभर. पुढे कर्नाळ्याचा चढ लागतो. तो लांब नाही, पण ट्रक अंगावरून जातात, तेव्हा उतरून ढकलण्यात कमीपणा मानू नका. खिंडीत मात्र थांबा. दोन्ही बाजूंच्या झाडीतून पाखरांचा इतका आवाज येत होता की ट्रकचा आवाज त्याखाली बुडाला. आम्ही तिघं तिथे दहा मिनिटं थांबलो. माझ्या वेळापत्रकात तिथला थांबा दोन मिनिटांचा होता.

चढ उतरल्यावर टपरीवर चहा घेतला, दीड रुपया कप. टपरीवाल्यानं फलक वाचला.

"मनासाठी? मनाला काय झालं?"

शुभदानं समजावून सांगितलं. त्यानं डब्यात दोन रुपये टाकले आणि आम्हा दोघींना विचारलं, "घरचे सोडतात का पण तुम्हाला?"

"सोडत नाहीत," रूबेन म्हणाला, "म्हणून तर सायकलवर पळून आलोय."

खारपाड्याचा पूल ओलांडला की हवेला खाडीचा वास येतो. दोन्हीकडे मिठागरांचे चौकोन, त्यात आभाळ. दुपारी तीनच्या सुमारास हमरापूरच्या फाट्यावरून आत वळलो आणि जोह्याला पोहोचलो. शुभदाच्या एका विद्यार्थिनीचं आजोळ तिथे आहे, म्हणून मुक्काम तिथे. आजोळ म्हणजे मूर्तींचा कारखाना आणि त्याला लागून घर.

कारखाना चालवणाऱ्या ठमामावशी दारातच उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत मूर्तींच्या प्लास्टरनं पांढरे.

"कुठून आलात गो?"

"ठाण्याहून."

"सायकलवर? का, यष्टी बंद हाय?"

शुभदानं पत्रक पुढे केलं. मावशींनी ते लांब धरून वाचलं. "मानसिक आरोग्य. म्हंजे डोक्याचं?"

"मनाचं, मावशी."

"मन डोक्यात नसतं व्हय?"

"तेच अजून कोणाला नक्की सांगता येत नाही," रूबेन म्हणाला.

"मग आधी चहा घ्या."

कारखान्यात शिरलो आणि मी थबकले. जमिनीपासून छपरापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर शेकडो गणपती. अंग रंगवलेलं, सोंडेवर नक्षी, पितांबराला सोनेरी काठ. डोळे मात्र कुणालाच नाहीत. इतक्या चेहऱ्यांसमोर उभं राहूनही आपल्याकडे कोणी बघत नाही, हे मी पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं. मी पेणची. लहानपणापासून गणपती पाहत आले, पण नेहमी डोळे काढून झालेले.

कोपऱ्यात गोणपाटावर तिशीतली एक बाई बसली होती. मावशींची पुतणी, सुनंदा. डोळे फक्त तीच काढते. मांडीवर मूर्ती घेतली, श्वास धरला, आणि एका रेषेत वरची पापणी उतरवली. मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. तो ठिपका पडला आणि मूर्ती आमच्याकडे बघू लागली. शुभदा हळूच माझ्या मागे सरकली.

दुसरा दिवस: जोहे ते रोहा, साधारण पासष्ट किलोमीटर

सकाळी सातला सायकलींत हवा भरत होतो. सुनंदा आली, गोणपाटावर बसली, ब्रश रंगात बुडवला आणि एका खापरीवर रेघ ओढली. रेघेकडे पाहिलं. दुसरी ओढली. मग ब्रश धुतला, डब्यात केस खाली आणि दांडा वर असा उलटा ठेवला, आणि पॉलिशपेपर घेऊन एका मूर्तीची बैठक घासायला लागली.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस टेम्पो घेऊन आला. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीनं जातात, त्यामुळे त्यांची घाई आतापासूनच असते.

"मावशी, आजचे नग?"

"ब्रश उलटा हाय."

त्यानं कोपऱ्याकडे एकदा पाहिलं. "मग उद्या?"

"उद्या ब्रशला इचार. चहा घे."

आणि तो खरोखर चहा प्यायला बसला. कुणी सुनंदाला काही विचारलं नाही. कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मी मावशींना बाजूला गाठलं. "त्या आजारी आहेत का?"

"व्हती गो. दोन वर्सं आतल्या खोलीत. कोण म्हनं भूत, कोण म्हनं लगीन लावा. पनवेलच्या डाक्टरकडं नेली. गोळी चालू हाय अजून."

"आणि हा ब्रश?"

मावशी हात पुसत म्हणाल्या, "आमी रोज इचारायचो. आज कशी हायस, काल्च्यापेक्षा बरी हायस का, भाकरी किती खाल्लीस. ती बरी हाय म्हनायची. रोज तेच. मंग माज्या ध्यानात आलं, ही आमाला गप करायला सांगते. तवा इचारायचं सोडलं आन् दाराशी खापरी, ब्रश ठेवला. म्हटलं, वाटलं तर ओढ रेघ. नाय तर ब्रश उलटा ठेव, कोन इचारनार नाय."

आमच्या कामातली एक साधी गोष्ट आहे. काटा दिवसेंदिवस एकाच आकड्यावर असेल, तर नवशिका समाधानी होतो. जाणता माणूस आधी काचेवर टिचकी मारतो. अडकलेला काटाही स्थिरच असतो. हे मी शिकाऊ मुलांना शिकवते. तीन आठवडे माझ्या वहीत 'पाच' होतं, आणि मला टिचकी मारायचं सुचलं नव्हतं.

रामवाडीला मी ब्रेक लावला. "गावातून जाऊ या. माझं घर आहे. भाऊ आहे घरात. तो बाहेर येत नाही." इतकंच बोलले.

शुभदानं सायकल गावाच्या दिशेला वळवली. तिनं काही विचारलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. रूबेन म्हणाला, "दीड किलोमीटर वाढेल. तुझ्याच वहीप्रमाणे."

आईनं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, आधी कळवायचं तरी! थांबा, पापड भाजते." पोह्याचे पापड, ताक, गरम भात. पेणला थांबलात तर पोह्याचे पापड घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. मिलिंदचं दार बंद होतं. एरवी मी दारावर टकटक करून आकडे विचारले असते. त्या दिवशी दाराबाहेरून "मी आले होते, निघते आता," एवढंच म्हणाले. आम्ही अंगणातून सायकली काढल्या.

वडखळ ते नागोठणे रस्ता अरुंद आणि खडबडीत, रहदारी फार. कोलाडला वीस रुपयांत मच्छीची थाळी मिळाली. तिथून रोह्याचा फाटा घेतला आणि एकदम शांत झालं. आम्ही उन्हानं तडकलेली शेतं पार करून आलो होतो, आणि इथे कुंडलिका दुथडी वाहत होती, वरच्या वीजघरातून सोडलेल्या पाण्यानं. काठावर भाताची हिरवी खाचरं, फेब्रुवारीत. रूबेन सायकल आडवी टाकून पाण्याकडे बघत बसला. "आमचे लोक हे सोडून गेले?" असं स्वतःशीच म्हणाला.

प्राचार्यांच्या पुढच्या खोलीत वीसेक मुलंमुली जमली होती. ठाण्यात आधीच गोळा केलेल्या देणग्यांसह डबा प्राचार्यांच्या हवाली केला. रक्कम पहिल्या वर्षाला पुरेल, असं ते म्हणाले. शुभदाचे डोळे भरून आले. तिनं ते रस्त्यावरच्या धुळीवर ढकललं.

सात वाजता मी एसटीडी बूथवर गेले. मिलिंदनं पहिल्या घंटीला उचलला.

"पाच," तो म्हणाला. मी बोलायच्या आधीच.

"आकडा नको."

बूथमधल्या मीटरवर पैशांचे आकडे वाढत राहिले. तो म्हणाला, "मग काय सांगू?"

"काही नको. इथे नदीला खूप पाणी आहे."

मग तो म्हणाला, "तुमच्यातल्या एका सायकलची चेन सैल आहे. अंगणातून जाताना गार्डला घासत होती. तुझी नाही. तुझ्या सायकलचा आवाज मला माहीत आहे."

मी बूथमध्ये उभी राहिले. दिवाळीनंतर मी न विचारता त्यानं सांगितलेली ही पहिली गोष्ट.

तिसरा दिवस: रोहा ते पेण

ज्यांना सायकल झेपणार नाही, त्यांनी दिव्याहून रेल्वेनं रोह्याला यावं. कोकण रेल्वे आता थेट गोव्यापर्यंत जाते, पण रोह्याला उतरणाऱ्याचं काही कमी होत नाही. लॉजची खोली एकशेवीस रुपये, पाणी स्वच्छ. परतीला वारा उलटा असतो, तासभर जास्त धरा.

मी आता काही दिवस पेणलाच राहायचं ठरवलं होतं, ते दोघं पुढे ठाण्याला. दुपारी घरी पोहोचलो. मिलिंदचं दार बंदच होतं. आई म्हणाली, "सकाळपासून काही बोलला नाही."

बाहेर अंगणातल्या ओट्यावर मात्र एक पाना ठेवलेला होता. मागच्या चाकाच्या नटाला बरोबर बसणारा. शेजारी तेलाची बुधली आणि घडी घातलेलं फडकं.

रूबेननं पाना उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्या निळ्या सायकलची चेन ताणून घेतली. तेल घातलं. मग सायकल घेऊन अंगणात एक फेरी मारली, बंद खिडकीखालून, जरा सावकाश. चेनचा आवाज येत नव्हता.

फडकं धुऊन मी ओट्यावर वाळत घातलं. पाना तिथेच ठेवला. माझ्या वहीत त्या तारखेपुढचे रकाने आखलेले आहेत, त्यांत आकडे नाहीत.