खांद्यावरची डबी

अंधेरीच्या एका गाळ्यात आम्ही बायका रंगाची पावडर चाळून पाकिटं भरतो. पावडर इतकी बारीक, की मैदासुद्धा तिच्यापुढे रवा वाटावा. ती आमच्या छातीत किती जाते हे मोजायला एकदा एक मुलगी आली होती. नाव विसरले बघा, पण बोलताना सारखा चष्मा कपाळावर चढवायची, ते आठवतं.

तिनं आमच्या कमरेला छोटे पंप बांधले आणि खांद्याशी एकेक डबी अडकवली. म्हणाली, "मावशी, तुम्ही घेता तीच हवा हिला घेऊ द्या. संध्याकाळपर्यंत काढू नका."

काढतोय कशाला! उलट एवढी महागाची वस्तू धुळीनं खराब व्हायला नको, म्हणून प्रत्येकीनं डबीला प्लॅस्टिकची पिशवी घातली, वर रबरबँड. घरी टीव्हीच्या रिमोटला घालतो ना, तश्शी.

संध्याकाळी तिनं ते बघितलं आणि पोत्यावर बसून हसतच सुटली. "अहो मावशी, धूळ हिच्यात जायलाच हवी! आता शेठला मी काय दाखवू?" मग डोळे पुसत म्हणाली, "डबीला जपलंत, तेवढं स्वतःला कधी जपलंत का हो?"

आम्ही रबरबँड सोडवायला लागलो.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, डब्या उघड्या राहिल्या. पुढे चाळणीवर धूळ ओढणारा पाईप बसला, चांगले मास्क आले. तेव्हा मीच सगळ्यांना दम भरला, "नवे राहावेत म्हणून कपाटात ठेवाल तर याद राखा. तोंडाला लावा गं!"