मुकबिलचे बाराशे

अदनमध्ये त्या दिवशी पहाटेपासूनच हवा कोंदलेली, समुद्राकडून झुळूक म्हणून नाही. तकिय्याने तंदूर पेटवला, भाकऱ्या थापल्या आणि धाकट्या भावाला, मुकबिलला, वाडगाभर दूध पाजलं. आज त्याची आठवड्याची रक्ततपासणी होती. शेजारीण म्हणून मीही सोबत निघाले.

बारा वर्षं मुकबिल भिंतींशी भांडायचा, अंगावर धावून यायचा. खाटेला बांधून ठेवावा लागे. नव्या गोळीने तो माणसांत आला. पण ही गोळी एखाद्याच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाऊन टाकते, मग साधा तापही जीव घेतो. म्हणून नियम असा, की मोजणी पंधराशेच्या खाली गेली की गोळी बंद.

तपासणीवाल्या इश्राकने आकडा सांगितला, "बाराशे."

"अगं, दूध पाजलंय त्याला," तकिय्या म्हणाली.

"खाला, दुधाने पांढऱ्या पेशी वाढल्या असत्या तर कोकरं कधी आजारी पडली नसती."

डॉक्टर बावझीर म्हणाले, "गोळी आजपासून बंद."

"मग दोर कुठला आणू तेही लिहून द्या."

"ताई, दोर नको," मुकबिल हळूच म्हणाला.

तकिय्याने बाही वर सारली. "माझं रक्त काढा नि भरा याच्यात. एकाच आईची आहोत."

"असं भरता येत नाही, बाई."

ती हात मागे घेईना. शेवटी इश्राकने सुई टोचली, निदान समाधान होईल म्हणून. तासाभराने कागद आला, अकराशे.

डॉक्टर चमकले. "तू कसली गोळी घेतेस?"

"डोकं दुखलं तरी नाही घेत."

"आजारपण?"

"सात बाळंतपणं. पडून राहिले ती तेवढीच."

त्यांनी मुकबिलचे जुने कागद उलगडले. गोळी सुरू व्हायच्या आधीही सोळाशेच. "आपल्याकडे काही घराण्यांत पेशी मुळातच कमी असतात, त्याने बिघडत काही नाही. तुमचंही तसंच असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे खात्री नाही. दोन दिवसांच्या गोळ्या देतो. परवा पुन्हा सुई. अशांसाठी हद्द हजाराची, त्याखाली उतरला तर मी तुझं ऐकणार नाही. आणि अंग तापलं तर रात्र बघू नकोस, तडक घेऊन ये."

दुपारी मी डोकावले. तकिय्या मोरीपाशी मासे साफ करत होती, मुकबिलला समोरच बसवलं होतं. हात खवल्यांनी माखलेले, म्हणून मनगटाने त्याचं कपाळ चाचपायची.

"गार आहे ना गं? तू बघ," मला म्हणाली. मी हात लावून पाहिला, गार होतं. तिने पुढचा मासा ओढला.