एक काळं की दोन हिरवी

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची गोष्ट आहे. नगरच्या कॉलेजात संख्याशास्त्र घेतलेले आम्ही नऊ जण होतो. विषय नवा, त्याला स्वतःची खोली नव्हती, म्हणून वर्ग भूगोलाच्या खोलीत नकाशांखाली भरायचा. मार्चमध्ये पुण्याला जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची होती. तिथे सगळी आकडेमोड हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर करावी लागे. आमच्याकडे यंत्र नव्हतं. लॉग टेबलं होती, तीही दोघांत एक.

प्राचार्यांनी एका जुन्या यंत्रापुरते पैसे कसेबसे मंजूर केले. आमच्या विषयाच्या सरांनी चौकशी करून दोन ठिकाणांहून यंत्रं मागवली, पसंत पडेल ते ठेवायचं या बोलीवर. एक काळं होतं. एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्याला हँडलखेरीज आकड्यांची बटणं होती आणि सगळं अंग पत्र्याने झाकलेलं. दुसरं हिरवं, श्रीरामपूरच्या एका कापूस व्यापाऱ्याकडचं. त्याच्या पुढच्या बाजूला उभ्या उघड्या खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेत एक खटका. खटका खाली ओढत हव्या त्या आकड्यावर आणायचा, मग उजव्या बाजूचं हँडल फिरवायचं. एक फेरा म्हणजे एक बेरीज. उलटा फेरा म्हणजे वजाबाकी. सातने गुणायचं तर सात फेरे.

काळं उचलून आणताना शिपाईमामांची दमछाक झाली. "लई जड हाय वो सर, ह्यात काय दगडं भरलीत का?"

"आकडे भरलेत मामा," सर म्हणाले. "जपून ठेवा."

काळं वेगवान होतं, हे पहिल्याच दिवशी दिसलं. पण त्याची किंमत हिरव्याच्या दुप्पट. व्यापाऱ्याकडे हिरव्याचं जुळं भावंडही विकायला होतं. म्हणजे काळ्याच्या पैशात दोन हिरवी येत होती. सर रोज म्हणायचे, "वेग घ्यायचा की संख्या घ्यायची? घाई नको. दसरा होऊ द्या, मग रीतसर चाचणी घेऊ."

मधल्या काळात यंत्रांभोवती गर्दी असायची. गावातली मुलं धीट. त्यातला एक, ज्याच्या वडिलांचं कापड बाजारात दुकान होतं, हिरव्यावर बसला की उठायचाच नाही. आमच्यात एकच मुलगी होती, ती काळ्यावर झरझर बोटं चालवायची. मी सोनईकडचा. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे तिथल्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी कुणीतरी 'लाव' म्हणावं असं मला वाटायचं. तसं कुणी म्हणत नसे. माझं अक्षर बरं, म्हणून सरांनी मला यंत्रांची उत्तरं कागदावर ताडून पाहायचं काम दिलं होतं. मी ते मन लावून करायचो. पण यंत्राला हात न लागताच मार्च उजाडला तर पुण्यात काय करायचं, ही धास्ती असायची.

रविवारी घरी गेलो तेव्हा वडील गोठ्यात कडबा कापत होते. त्यांनी विचारलं, "सध्या काय चाललंय कालेजात?"

"यंत्र आलंय. हँडल फिरवलं की गुणाकार होतो."

"हँडल तर आपल्या कडबाकुट्टीलाबी हाय की," वडील म्हणाले. "त्यासाठी नगरला कशाला जाया पायजे?"

आई हसली. "त्याला फिरवू द्या की जरा. बघू, गुनाकार निघतो का कडबा."

मी पेंढी कापून दिली. कॉलेजातलं हँडल मी अजून फिरवलेलं नाही, हे मात्र मला सांगता आलं नाही.

खंडेनवमीला शिपाईमामांनी भूगोलाची खोली झाडून घेतली. टेबलावर पृथ्वीचा गोल, मोजपट्ट्या आणि दोन्ही यंत्रं मांडली. सरांच्या घराण्यात भिक्षुकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यामुळे पूजा त्यांनीच सांगितली, तीही मोठ्या हौसेने. यंत्रांना झेंडूचे हार घातले. हळदकुंकू वाहिलं. मंत्र म्हणत सरांनी कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर उधळल्या. आम्ही पेढे खाल्ले आणि पांगलो.

दसरा झाल्यावर चाचणी झाली. सरांनी फळ्यावर उसाच्या बारा प्लॉटचे उतारे लिहिले. प्रत्येकाचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज. काळ्यावर ती, हिरव्यावर दुकानदाराचा मुलगा, कागदावर मी.

"तुम्ही जरा हळू हं," तो तिला म्हणाला. "आमचं पॅसेंजर आहे, तुमची मेल."

"गाडीला नावं ठेवू नका, ड्रायव्हर बघा," ती म्हणाली. सगळे हसले.

तिची बेरीज झाली तेव्हा तो निम्म्यावर होता. शेवटी त्याचंही उत्तर आलं, पण ते चुकलेलं. माझं आणि काळ्याचं जुळत होतं. त्याने पुन्हा केलं, पुन्हा चुकलं.

"निकाल लागला," सर म्हणाले. "हळू चालणारं चालेल, चुकणारं नाही. मामा, हिरवं बांधून ठेवा."

मी कागदाकडे पाहत होतो. हिरव्याची चूक वाटेल तशी नव्हती. ती दोन्ही वेळा एकाच घरात होती. त्या घरात नवाच्या पुढे गेलं की हातचा पलीकडे जात नव्हता. दसऱ्याआधी मी याच यंत्राची कितीतरी उत्तरं ताडली होती, सगळी बरोबर. मधल्या दिवसांत त्याला काय झालं असेल ते मला समजलं, आणि ते बोलायचं कसं हे समजेना. सरांच्या पूजेबद्दल सरांनाच काय सांगणार?

मामा सुतळी शोधायला लागले तेव्हा मी उभा राहिलो. "सर, ते... त्या दिवशीच्या अक्षता..."

"अक्षतांचं काय?"

"त्या खाचांत गेल्या असतील, सर. काळं झाकलेलं आहे. हे उघडं आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि मामांच्या मदतीने हिरवं यंत्र उलटं धरलं. बुडावर दोन थापा मारल्या. काही पडलं नाही. आणखी दोन. टप्प करून एक लाल दाणा पडला. मग आणखी तीन, त्यातला एक अर्धवट चिरडलेला.

"म्हणजे माझाच आशीर्वाद अडकला होता म्हणायचा!" सर इतक्या जोराने हसले की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं.

पुन्हा गणित केलं. या वेळी हिरव्याचं उत्तर बरोबर आलं, वेळ मात्र जवळपास तेवढाच लागला. सर म्हणाले, "ठीक. हिरवं निर्दोष. पण काळं सरस आहे, हे तरी मान्य कराल?"

मी अजून उभाच होतो. एकदा तोंड उघडलंच होतं. "काळं सरस आहे, सर. पण एका यंत्रावर नऊ जण. माझा नंबर अजून लागलेला नाही."

"अजून म्हणजे?"

"हँडल फिरवलेलं नाही, सर. एकदाही."

दुकानदाराचा मुलगा म्हणाला, "अरे ए सोनई, मग सांगायचं नाही का रे! मी काय खुर्चीला चिकटवून घेतलंय?"

"घेतलंयतच तुम्ही," ती म्हणाली.

सरांनी थोडा विचार केला. "परीक्षा यंत्राची नाही, तुमची आहे," ते म्हणाले. "दोन हिरवी घेऊ." काळं माघारी गेलं. मामांनी ते उचलताना पुन्हा दगडांची चौकशी केली.

दुसरं हिरवं आणायला मी आणि दुकानदाराचा मुलगा एसटीने श्रीरामपूरला गेलो. परत येताना यंत्र आळीपाळीने मांडीवर घेतलं. कंडक्टरला ते शिवणयंत्र वाटलं, आणि माझा सोबती राहुरी येईपर्यंत त्याला संख्याशास्त्र समजावत राहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि भागाकार दिला. भागाकारात उलटे फेरे घेत जायचं. एखादा फेरा जास्त झाला की यंत्र स्वतःच घंटी वाजवतं. मग एक फेरा सुलट घ्यायचा, झालेली चूक निघून जाते, आणि पुढच्या घरात सरकायचं. मला हे पाठ होतं, पण हाताला माहीत नव्हतं. हँडल वाटलं त्याहून हलकं निघालं. मी फिरवत गेलो आणि घंटी खणकन वाजली. मी दचकून हात काढला.

"घाबरू नको," सर म्हणाले. "ती वाजायचीच. घे एक सुलट."

मी घेतला. आकडे जागेवर आले. पुढच्या घरात सरकलो आणि पुन्हा हँडल धरलं. मागून दुकानदाराचा मुलगा म्हणाला, "चालू दे रे, आज उठवत नाही तुला."