वरच्या कोपऱ्यातला डाग

वेधशाळेच्या कचेरीत त्यांना सगळे भिंगराव म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. डोंगरावरच्या दुर्बिणीनं काढलेली आकाशाची छायाचित्रं सकाळी संगणकावर उघडायची आणि त्यांत खोटं काय आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. छायाचित्रं म्हणायचं ते आपलं उगाच. आत नुसते आकडे, चौकटीचौकटीतून ओळीनं बसवलेले. कुठल्या आकड्याला किती उजेड द्यायचा, हे पडद्यावरचं सॉफ्टवेअर ठरवतं. भिंगराव तो उजेड कमीजास्त करत आणि धूळ, ओरखडा, मध्येच घुसलेला उपग्रह असं एकेक वेचून काढत. तारे शास्त्रज्ञांचे आणि डाग भिंगरावांचे, अशी वाटणी होती. दोन्ही पक्ष सुखी होते.

पाहायचं ते डावा डोळा मिटून. डावा जन्माचा आळशी. एकट्या कमावत्या भावानं घर ओढावं तसं उजव्यानं आयुष्यभर ओढलेलं.

एके दिवशी पडद्यावर, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, राखाडी डाग दिसला. भिंगरावांनी शेरा मारला, कॅमेऱ्यात धूळ. डोंगरावरच्या मंडळींनी कुरकुरत कॅमेरा उघडला, पुसला, मिटला. धूळ नव्हतीच, असं त्यांनी जरा तिखट शब्दांत कळवलं. डाग मात्र होता, आणि तो वाढला होता.

घरी जेवताना भिंगराव छताकडे बघून म्हणाले, "हा दिवा मधूनच चमकतोय."

"दिवा परवाच बदललाय," बायको म्हणाली.

"मग वायरिंग."

"अहो, डोळे दाखवून या एकदा."

"डोळ्यांना काय धाड भरलीय?"

बायकोनं पुढ्यात भात वाढला. एवढ्या वर्षांत तिला एक कळलं होतं, की या माणसाला दोष दाखवायला आवडतो, स्वतःतला सोडून.

मग दुसऱ्या डोंगरावरच्या दुर्बिणीच्या फायली आल्या. डाग त्यांतही, तिथेच. विभागप्रमुख बाईंनी बोलावून घेतलं.

"भिंगराव, दोन डोंगरांवर एकाच जागी धूळ बसते?"

"मग सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे."

"ते बाकीच्यांना नीट दाखवतंय."

"बाकीचे बघतात कुठे, बाई?"

बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या तपासनीस मॅडमना पाठवलं. त्या खुर्ची ओढून बसल्या, नाकावर चष्मा चढवला.

"कुठंय?"

"हा काय, एवढा मोठा. म्हैस बसलीय नुसती."

"मला नाही दिसत हो तुमची म्हैस." त्यांनी माऊसचा बाण कोपऱ्यात नेला. बाणाखालचा आकडा सॉफ्टवेअर खालच्या पट्टीत दाखवतं. "आकडा बघा. शेजारच्या रिकाम्या आकाशाइतकाच. डाग असता तर आकडा उतरला असता ना?"

भिंगरावांनी चित्र धरून खाली ओढलं. तारे सरकले, डाग सरकला नाही. मग त्यांनी शेवटचा इलाज केला. तपासनीस रोज करतात तोच, कळ दाबून रंग उलटवले. काळं आकाश पांढरं झालं, पांढरे तारे शाईच्या ठिपक्यांसारखे काळे झाले. जे जे चित्रात असतं ते ते या कळीसरशी पालटतं. कोपऱ्यातला डाग पालटला नाही. पांढऱ्याफेक आकाशात तो तसाच बसून राहिला, आणि आता त्याची कड मध्यापर्यंत आलेली स्पष्ट दिसत होती.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "जरा गप्प बसा."

"मी कुठे बोलले?"

त्यांनी उजवा डोळा मिटला आणि डावा उघडला. सगळं अंधुक, पाण्याखालचं वाटावं असं. पण कोपरा स्वच्छ होता.

मॅडमनीच बायकोला फोन लावला. तिनं डॉक्टरांना फोनवर विचारलं आणि टॅक्सी घेऊन आली. "पडदा सुटतोय म्हणे डोळ्यातला. मान हलवायची नाही. मधला भाग गेला तर नंतर शिवूनही उपयोग नाही, असं सांगितलं त्यांनी. दिवा चमकतोय म्हणालात तेव्हाच यायला हवं होतं, असंही म्हणाले."

"तू काय म्हणालीस?"

"सांगितलं, ते वायरिंग म्हणाले."

टॅक्सी चौकात अडकली. पुढे वाहनांची न संपणारी रांग. भिंगराव मान ताठ ठेवून तिच्याकडे तोंड करून बसले होते. डावा डोळा त्यांनी मिटून घेतला.

"काय करताय?"

"बघतोय किती उरलंय."

"किती?"

"तू दिसतेस. हनुवटीपासून खाली."

ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. कोणी जागचं हललं नाही. काळोख कसलाही आवाज न करता खाली येत होता, घाई नसलेल्या माणसासारखा.

"आता?" तिनं विचारलं.

"तेवढंच," भिंगराव म्हणाले. त्यांना आता फक्त तिच्या मांडीवरचे, एकमेकांत घट्ट गुंतवलेले हात दिसत होते.