शिवणाच्या टेपनं मोजलेली जागा

बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. "आत्या गेली," ते म्हणाले. मागं पंख्याची करकर ऐकू येत होती. त्यावरून कळलं की ते मधल्या खोलीत उभे आहेत, आत्याच्या शिलाई मशीनपाशी. मी "निघते" म्हणाले. सोलापूर येईपर्यंत मला रडू आलं नाही. घरी आल्यावर मशीनच्या चाकावर गुंडाळून ठेवलेली तिची पिवळी टेप दिसली, आणि मग मात्र...

शैलाआत्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं आणि आयुष्यभर आमच्याकडेच राहिली. कुणी तिला कधी दुखावल्याचं मला आठवत नाही. तरी चहा ठेवायचा झाला तर ती आधी आईला विचारायची, "ठेवू का गं थोडा?" आई दर वेळी म्हणायची, "अहो ताई, विचारता काय?" आणि दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा विचारायची. घरात तिचा आवाज मशीनच्या आवाजाच्या वर कधी गेला नाही. मीही कमी बोलणारी, त्यामुळे आमचं जमायचं. एका खोलीत तासन् तास गप्प बसण्यात आम्हा दोघींनाही काही वावगं वाटत नसे.

मी शाळेत असताना रविवारी मात्र ती मला घेऊन 'आपल्या जागेवर' जायची. अक्कलकोट रस्त्याला, तेव्हा शहर जिथं संपायचं त्याच्याही पुढं, तिनं स्वतःच्या पगारातून तीस बाय चाळीसचा प्लॉट घेतला होता. बाबा वैतागले होते. "ताई, तिथं कोल्हीसुद्धा राहायला जायची नाहीत." आत्या म्हणाली, "बरं की. शेजाऱ्यांचा त्रास नाही." बसमध्ये आमच्या पायाशी पाण्याचे दोन कॅन असायचे आणि पिशवीत कडक भाकरी नि शेंगाचटणी. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "बाई, पाण्याचं बी तिकीट काढा की एकदा!" म्हणायचा. उतरल्यावर गाडीवाटेनं बरंच चालायचं, मग माळ लागायचा. दगड, वेडी बाभूळ आणि ऊन.

जागा विकणाऱ्यानं तिला ती एकदाच, घाईघाईत दाखवली होती. नकाशात एक रस्ता होता, माळावर एक गाडीवाट होती. आत्यानं ती वाट म्हणजेच तो रस्ता धरला आणि तिथून आपली जागा मोजून काढली... शिवणाच्या टेपनं. एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या. पाच फूट झाले की खूण, मग पुढचे पाच फूट. "घट्ट धर गं! ढील सोडलीस तर आपलीच जागा कमी व्हायची!" ती ओरडायची. चारही कोपऱ्यांवर दगड रोवून तिनं त्यांना चुना फासला. आतले दगड वेचून पलीकडच्या मोकळ्या जागेत फेकले. एका कडेला कडुलिंबाचं रोप लावलं, त्यालाच ते कॅनमधलं पाणी.

तिथं आत्याचा आवाज वेगळा व्हायचा. लांबवर मेंढरं दिसली की ती इथूनच हाळी द्यायची, "ओ अण्णा, आवरा की तुमची मेंढरं, माझा लिंब खातील!" आणि ते अण्णाही हसत हात वर करायचे. माझ्या इंग्रजी शाळेत पाठांतराच्या स्पर्धा असत. वर्गात उभं राहिलं की माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. आत्या मला माळावर उभं करून स्वतः दगडावर बसायची. "म्हण. मोठ्यानं म्हण, हितं कोण ऐकतंय?" तिला इंग्रजीतलं फारसं काही कळत नव्हतं. पण मी संपवलं की ती शाळेतल्या पाहुण्यांसारखी टाळ्या वाजवायची. स्पर्धा मी कधी जिंकले नाही. माळावर मात्र मला छान येत असे.

परतायच्या आधी ती पायानं मातीत रेघ ओढायची. "हितं एक खोली. दार पूर्वेला. खिडकीपाशी मशीन. आणि कुणाला न विचारता चहा." शेवटचं वाक्य ती हसून म्हणायची, म्हणून मीही हसायचे.

खोली होत नव्हती. ती निवृत्त झाली, गुडघे धरले. बाबा म्हणायचे, "एकटी कशी राहशील तिथं?" दरम्यान शहर माळापर्यंत येऊन पोचलं, डांबरी रस्ता झाला, आणि शेजारचा प्लॉट घेतलेल्या वळसंगच्या मलकारप्पांनी घर बांधण्याआधी सरकारी मोजणी मागवली. आत्या मोठ्या उत्साहानं हजर होती. मीही सुटीवर आले होते. मोजणीवाल्यांनी यंत्र लावलं, नकाशा पाहिला, आणि चुना फासलेल्या दगडाच्या आतच खुंट ठोकला. नकाशातला रस्ता गाडीवाटेपासून बराच हटून होता. आत्यानं इतकी वर्षं ज्या जागेला पाणी घातलं ती मलकारप्पांची होती. आणि जिथं तिनं वेचून वेचून दगड फेकले, ती काट्यांनी भरलेली जागा तिची स्वतःची.

मलकारप्पा म्हणाले, "बाई, फुकट राखण केली की तुमी आमची! आन् सगळे दगड तुमच्याच जागेत टाकलासा." आत्या लिंबाखाली बसली. मला वाटलं, आता ही रडणार... ती त्या दगडांच्या ढिगाकडं बघत राहिली, आणि मग तिला जे हसू फुटलं! पदर तोंडाला लावूनही आवरेना. "आपल्याच घरात टाकले की नाही? खोलीच्या पायाला होतील."

मलकारप्पांनी झाड तोडलं नाही, घर थोडं मागं घेतलं. त्यांच्या पत्नी गौराक्का आत्याला दर वेळी चिडवायच्या, "झाड आमच्यात, सावली दुपारनं तुमच्यात पडती. मग कुनाचं वो हे?" आत्या म्हणायची, "पाणी कुणाचं ते विचारा आधी!" दिवाळीनंतर खोलीचं काम काढायचं तिनं ठरवलं होतं. दिवाळीच्या आधीच एका दुपारी, मशीनवर कुणाचा तरी परकर शिवता शिवता ती गेली.

परवा जेवताना बाबा म्हणाले, "त्या प्लॉटसाठी रोज एजंटांचे फोन येतात. तू पुण्यात, आम्ही असे थकलेले. ठेवून करायचं काय?" अशा वेळी मी ताटात बघते, सगळे मला तशीच ओळखतात. "खोली बांधायची आहे," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. आईचा पळीचा हात थांबला. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, मग म्हणाले, "केवढी?"

"मोजून सांगते."

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले. दगडांचा ढीग तसाच आहे, त्यावर लिंबाची सावली होती. टेपला दुसरं टोक धरणारं कुणीतरी लागतं हे तिथं पोचल्यावर लक्षात आलं. गौराक्का अंगणात भांडी घासत होत्या. हात पुसत आल्या, टेपकडं बघून म्हणाल्या, "काय करायलीस गं? कापड हाय का हे?" तरी टोक धरलं. दुसरं टोक घेऊन मी पूर्वेकडं, जिथं दार येणार त्या दिशेनं सरकले. मागं वळून पाहिलं तर टेप मधेच सैल पडली होती.

"घट्ट धरा, गौराक्का! ढील सोडली तर आपलीच जागा कमी व्हायची!"

माळ आता मोकळा नाही. समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई थांबून माझ्याकडं बघू लागली. मी पाच फुटांवर खूण केली आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "हां, या आता पुढं."